समुपदेशकाची पहिली भेट : पाठविण्यापूर्वी किशोरवयीन रुग्णास काय सांगावे?

किशोरवयीन रुग्ण वैद्याकडे मनाची तक्रार घेऊन क्वचितच येतो. तो येतो शिरःशूल घेऊन, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस सुरू होणारी पोटातील कळ घेऊन, अनियमित आर्तव, केस गळणे, भूक न लागणे किंवा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा न लागणे अशा तक्रारी घेऊन. सोबत बहुधा आई असते आणि सारा वृत्तान्त तीच सांगते. मूल समोरच्या भिंतीवरील धन्वंतरीच्या चित्राकडे पाहत बसते. वैद्याकडे जाण्यात कोणताही कमीपणा नसतो, शेजारीपाजारी ‘कशाला गेला होतात?’ असे विचारीत नाहीत, म्हणून मनाचे दुःखही प्रथम आपल्याच दारी येते. आपण अग्नी पाहतो, कोष्ठ पाहतो, औषध देतो. पुष्कळांना बरे वाटते. काहींना मात्र तेवढ्यापुरते वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. अशा वेळी आपण एका चिठ्ठीवर समुपदेशकाचे नाव लिहून देतो आणि आपले काम झाले असे समजतो.

ते झालेले नसते. मूल तेथे जाईल की नाही, गेले तर बोलेल की नाही, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांदा जाईल की नाही, हे पुष्कळ अंशी आपल्या चिकित्सालयात उच्चारलेल्या दोन-चार वाक्यांवर ठरते. ती वाक्ये खरी असावयास हवी असतील, तर पहिल्या भेटीत प्रत्यक्ष काय घडते हे पाठविणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांना ते ठाऊक नसते. आम्हांसही पुष्कळ वर्षे नव्हते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच.

सत्त्वावजय आणि आजचे समुपदेशन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, तिस्रैषणीय अध्यायात, चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आहेत. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे सत्त्वावजयाचे स्वरूप. आजच्या समुपदेशनाला हे तत्त्व परके नाही. तथापि केवळ तत्त्व जुळते म्हणून ‘हे सारे आपल्याकडे होतेच’ असे म्हणून थांबणे बरे नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलीसमोर बसून पहिल्या तासात कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने, आईला आत ठेवून की बाहेर पाठवून विचारावेत, याची पद्धती आपल्या पदवी अभ्यासक्रमातून आपल्या हाती येत नाही. ती शिकण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ च्या मे महिन्यापासून अमलात आला. त्यात ‘मनोविज्ञान एवं मानसरोग’ या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांचा समावेश मानसिक आरोग्य व्यावसायिकांत करण्यात आला आहे. ही आपल्या शास्त्रास मिळालेली मोठी मान्यता होय. परंतु ती त्या विषयाच्या पदव्युत्तरांना आहे, आपणा सर्वांना नाही. इतरांनी वेळीच आणि नीट पाठविणे हेच आपले युक्त कर्म समजावे.

पाठविण्यापूर्वी शरीर नीट तपासून घ्यावे, हे वैद्यवर्गाला सांगावयास नको. पांडू, थायरॉइडचे विकार, जंतुसंसर्ग, आर्तवाच्या तक्रारींमागील बीजकोषाचे विकार यांचा विचार झाला पाहिजे. रक्तातील हिमोग्लोबिन सात असलेल्या मुलीची ‘मरगळ’ समुपदेशनाने जाणार नाही. मात्र तपासण्या स्वच्छ आल्यावर ‘तुला काही झालेले नाही’ असे मुलास कदापि सांगू नये. वेदना त्याला होत असते. ती खोटी ठरविली की, पुढे आपण कोणाचेही नाव सुचविले तरी तो ते शिक्षा म्हणूनच ऐकतो.

आमच्या हातून झालेली चूक

दहावीत शिकणारी एक मुलगी जून महिन्यात उदरशूलासाठी आमच्याकडे आली. आई म्हणाली, “शाळेचा गणवेश घातला की हिचं पोट दुखायला लागतं बघा.” सोनोग्राफी निर्दोष होती. हिंग्वाष्टक चूर्ण, शंखवटी, आहाराचे नियम असा क्रम ठेवला. आठ दिवस बरे, मग पुन्हा पूर्ववत. रविवारी दुखत नाही, सहामाहीच्या सुटीत दुखत नाही, हे लक्षात आल्यावर आम्ही आईला बाजूला घेऊन समुपदेशकाचे नाव सुचविले. आई घाबरली. “तिला असं काही सांगू नका हो, ती मनाला लावून घेईल,” असे म्हणाली. आम्हीही सोपा मार्ग धरला आणि मुलीला सांगितले, “एक ताई आहेत, अभ्यास कसा करायचा, लक्षात कसं ठेवायचं ते छान शिकवतात. एकदा भेटून ये.”

मुलगी गणिताची वही आणि कंपासपेटी घेऊन गेली. त्या ताईंनी वहीकडे पाहिले नाही. घरी कोण कोण असते, झोप कशी लागते, रडू येते का, असे विचारले. मुलीच्या ध्यानात आले की आपल्याला फसवून येथे आणले आहे. पाऊण तासात तिने ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे एक शब्द उच्चारला नाही. जिना उतरताना तिने आईला एवढेच विचारले, “मी वेडी आहे का?” ती पुन्हा तेथे गेली नाही, आणि आमच्याकडेही आली नाही.

सात महिन्यांनी, परीक्षा झाल्यावर, झोप लागत नाही म्हणून आई तिला घेऊन आली. स्त्रीरुग्णाची नाडी डाव्या हाताची पाहण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. उन्हाळ्यातही तिने लांब बाह्यांचा सदरा घातला होता. नाडीसाठी बाही वर सरकविली तेव्हा मनगटापासून वर एकाशेजारी एक, सरळ रेषेत ओढलेले बारीक व्रण दिसले. काही जुने पांढरे पडलेले, दोन-तीन ताजे. आईने ते पाहिलेले नव्हते. त्या सात महिन्यांचा हिशेब आम्हांला आमच्या एका वाक्यापाशी आणून ठेवावा लागतो. त्या मुलीचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगू.

कोणाकडे पाठवावे

आपल्या बोलण्यात समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ हे शब्द एकाच अर्थाने येतात आणि पालकांचा गोंधळ वाढतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधुनिक वैद्यकातील एम. डी. अथवा तत्सम पदवीधर. ते औषधे देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रातील विशेष प्रशिक्षण घेतलेले असून त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. ते मानसोपचार आणि चाचण्या करतात, औषधे देत नाहीत. समुपदेशक हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. चार दिवसांचे शिबिर केलेली व्यक्तीही पाटीवर तो लिहिते. म्हणून शिक्षण कोठे झाले, किशोरवयीन मुलांसोबत काम केले आहे काय, हे आपण स्वतः एकदा भेटून विचारावे. ज्या व्यक्तीला आपण पाहिलेले नाही तिच्याकडे मूल पाठवू नये, असा नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे. औषधाच्या घाऊक विक्रेत्याची आपण जितकी चौकशी करतो तितकी येथे करावयास काय हरकत आहे?

खासगी शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी चालणारी केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. आपल्या तालुक्यात ती कोणत्या दिवशी, किती वाजता चालतात हे विचारून फलकावर लिहून ठेवावे. शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती निःशुल्क असून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.

पहिल्या भेटीत काय घडते

आपल्याकडे रुग्ण दहा-पंधरा मिनिटांत बाहेर पडतो. समुपदेशकाची पहिली भेट पाऊण तास ते एक तास चालते. शासकीय रुग्णालयात रांग असल्यास ती वीस मिनिटांत आटोपते, हेही आधी सांगावे, नाहीतर ‘मला कोणी नीट विचारलंच नाही’ अशी खंत मुलाच्या मनात राहते.

चित्रपटांमुळे मुलांच्या मनात भलतीच चित्रे असतात. अंधारी खोली, आडवे होण्याचा कोच, डोळ्यांसमोर लोंबकळणारे घड्याळ, विजेचे झटके. एका मुलाने आम्हांला ‘इंजेक्शन देऊन खरं बोलायला लावतात का?’ असे गंभीरपणे विचारले होते. प्रत्यक्षात दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा पेला आणि पुष्कळदा कागदी रुमालांचा डबा एवढेच असते. नाडी, जिव्हा, उदर काही तपासले जात नाही, कपडे सैल करावे लागत नाहीत, सुई टोचत नाहीत. ज्या वयात शरीराचाच संकोच सर्वाधिक असतो त्या वयात एवढे एक वाक्य ऐकूनही मूल सैलावते.

प्रारंभी एक अर्ज भरावा लागतो. नाव, वय, शाळा, घरातील माणसे, पूर्वीचे आजार, चालू औषधे. वय १८ पूर्ण नसल्याने पालकांची स्वाक्षरी घेतली जाते. काही ठिकाणी प्रश्नावली देतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, कशातच रस वाटला नाही असे किती दिवस गेले, अशा प्रश्नांपुढे खूण करावयाची असते. आमची मुले प्रश्नपत्रिकांनी इतकी गांजलेली असतात की, ती येथेही ‘बरोबर’ उत्तर शोधतात. यात गुण नाहीत, पास-नापास नाही, हे आपण आधीच सांगून ठेवावे.

त्यानंतर बहुधा पालक व मूल यांना एकत्र आत बोलावतात. भेटीतील सर्वांत अवघड भाग हाच. आई किंवा वडील तक्रार सांगू लागतात आणि मुलाला आपल्याविषयीची फिर्याद आपल्याच समोर ऐकावी लागते. ‘दिवसभर मोबाईल’, ‘उलट बोलतो’, ‘पूर्वी असा नव्हता’. समुपदेशक ते मध्येच तोडीत नाहीत, आणि मुलाला वाटते की हेही त्यांच्याच बाजूचे. म्हणून मुलास सांगून ठेवावे : पहिली दहा मिनिटे मोठी माणसे बोलतील, ती संपतात. नंतर तुला एकट्याला वेळ मिळेल आणि तेव्हा तू वेगळेच सांगितलेस तरी चालेल.

पालक बाहेर गेल्यावर समुपदेशक प्रथम गोपनीयतेविषयी बोलतात. येथे आपल्याकडून फार घोटाळा होतो. मुलाने जावे म्हणून आपण ‘तू सांगशील ते कोणालाच कळणार नाही’ असे वचन देऊन मोकळे होतो. ते वचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि ते पूर्णतः खरेही नाही. मूल बोलते त्यातील बहुतेक गोष्टी खोलीतच राहतात. मैत्री, प्रेम, शाळेतील अपमान, चोरून ओढलेली सिगारेट, घरच्यांविषयीचा राग, यांतील तपशील पालकांना सांगितले जात नाहीत. फक्त प्रगतीचे सर्वसाधारण स्वरूप सांगितले जाते. परंतु मुलाच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असे दिसल्यास पालकांना कळवावेच लागते. तसेच १८ वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. हे बंधन केवळ समुपदेशकावर नाही. ज्याला कळले त्या प्रत्येकावर आहे, म्हणजे आपल्यावर आणि औषधालयाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यावरही. चांगला समुपदेशक या मर्यादा पहिल्याच दिवशी, मुलाने काही सांगण्यापूर्वी, साध्या शब्दांत सांगतो. अपवाद आधी ऐकले तर मूल गप्प बसेल अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. आमचा अनुभव उलट आहे. जो माणूस आपल्या वचनाची हद्द सांगतो त्याच्या वचनावर मूल विश्वास ठेवते.

मग प्रश्न सुरू होतात. १९८८ मध्ये अमेरिकेत गोल्डनरिंग व कोहेन यांनी किशोरवयीनांशी बोलण्याची एक क्रमबद्ध रीत प्रसिद्ध केली. ‘हेड्स’ या नावाने ती जगभर वापरली जाते आणि थोड्याफार फरकाने आपल्याकडील समुपदेशकही तीच वाट धरतात. घर, शिक्षण, छंद आणि मित्र, व्यसने, लैंगिकता, उदासी व आत्मघाताचे विचार असा तो क्रम. सोप्याकडून अवघडाकडे. वैद्याच्या प्रश्नपरीक्षेतही आपण आधी देश, आहार, कोष्ठ विचारून मग नाजूक गोष्टींकडे वळतो, तसेच हे. मुलाला सांगावे की, काही प्रश्न आगाऊ वाटतील. ‘माहीत नाही’ हे उत्तर चालते. ‘याविषयी आज बोलायचे नाही’ हेही चालते. मध्येच शांतता पसरली तर ती लगेच भरून काढण्याची घाई नसते. रडू आले तर कोणी ‘रडू नकोस, एवढा मोठा झालास’ असे म्हणत नाही. समुपदेशक बोलता बोलता टिपणे घेतात. काय लिहिले असे विचारण्यास मुलाने संकोचू नये.

‘जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं कधी मनात आलं का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत, थेट शब्दांत, विचारला जाऊ शकतो. यावर पालक संतापतात : “नसतं ते मुलाच्या डोक्यात घालता!” वैद्यबंधूंपैकीही अनेकांची हीच समजूत आहे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो हे खरे नाही. मानसोपचाराच्या क्षेत्रात या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि विचारण्याने धोका वाढत नाही असेच त्यातून पुढे आले आहे. पुष्कळदा कोणीतरी शेवटी नाव घेऊन विचारले याचा मुलाला आधारच वाटतो. हा प्रश्न तेथे येईल हे पालकांना आपणच आधी सांगून ठेवले, तर नंतरचा संताप टळतो.

पहिल्या भेटीत काय घडत नाही तेही सांगावे. उपदेश फारसा होत नाही. ‘तासभर बसवून ठेवलं, पैसे घेतले आणि मुलाला दोन शब्दही समजावले नाहीत’ अशी तक्रार पालक आपल्याकडेच परत येऊन करतात. व्याधिविनिश्चयापूर्वी चिकित्सा नाही, हे आपल्या रुग्णांना आपण नित्य सांगतो. तोच न्याय येथे लावून दाखवावा. रोगाचे नाव पहिल्या दिवशी मिळेलच असेही नाही. भेटीच्या अखेरीस समुपदेशक ऐकलेल्याचा सारांश मुलालाच सांगून ‘मला बरोबर समजलं का?’ असे विचारतात, किती भेटी लागतील याचा अंदाज देतात, आवश्यक वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांचे मत सुचवितात. एखादे लहान काम देतात. आठवडाभर झोपेच्या वेळा लिहिणे, पोट दुखले त्या दिवशी त्याआधी काय घडले होते ते टिपणे. हे काम आपल्या दिनचर्येच्या उपदेशाशी इतके जुळते की, वैद्याने त्याचा पाठपुरावा सहज करावा.

भेटीनंतर काही मुलांना त्या दिवशी हलके वाटते. काहींना उलट अधिक जड वाटते, संध्याकाळी चिडचिड होते. शोधनानंतर रुग्णास थकवा येतो म्हणून आपण शोधन फसले असे म्हणत नाही. तथापि हे साधर्म्य फार ताणू नये. दोन-तीन भेटींनंतरही मुलाला त्या व्यक्तीजवळ मोकळे वाटत नसेल, तर दुसरी व्यक्ती पाहता येते, मुलीला स्त्री समुपदेशक मागता येते, हेही आधीच सांगावे. बदलता येते हे ठाऊक असले की, मूल सहसा बदल मागत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

पहिली भेट ज्या ठिकाणी सर्वाधिक वेळा नासते ते ठिकाण म्हणजे घरी परतीची रिक्षा. दार लागले न लागले तोच आई विचारते, “काय काय विचारलं? आमच्याबद्दल काय सांगितलंस?” मूल त्याच क्षणी ठरविते की, पुढच्या वेळी काही सांगायचे नाही. आम्ही पालकांना स्पष्ट सांगतो की, त्या दिवशी त्याविषयी एकही प्रश्न विचारू नये. वाटेत उसाचा रस प्यावा, भाजी घ्यावी, घरी यावे. मुलाला बोलावेसे वाटले तर ते आपण होऊन बोलेल. आजी-आजोबा, काका-काकू यांना काय सांगायचे हेही मुलालाच विचारून ठरवावे. एकत्र कुटुंबात ही गोष्ट क्षुल्लक नसते.

चिठ्ठी कशी लिहावी

चिठ्ठी बंद पाकिटात देऊ नये. बंद पाकिटाने मुलाचा संशय वाढतो. आम्ही ती मुलासमोर लिहितो आणि वाचून दाखवितो. मजकूर साधा असतो : वय, इयत्ता, तक्रार किती दिवसांची, कोणत्या तपासण्या झाल्या व त्या कशा आल्या, कोणती औषधे चालू आहेत, आणि ‘रुग्णाच्या मते’ त्याला काय त्रास होतो. हे शेवटचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहावे. निदानाचा शिक्का मारू नये. ‘हट्टी’, ‘लक्ष वेधण्यासाठी करते’ असली विशेषणे तर मुळीच लिहू नयेत.

औषधे आणि औषधालय

औषधालयचालकांशी आम्हांला थोडे स्वतंत्रपणे बोलावयाचे आहे, कारण जे मूल वैद्याकडेही येत नाही ते कित्येकदा त्यांच्या गल्ल्यासमोर एकटे उभे असते. ‘झोपेचं काहीतरी द्या’, ‘डोकं शांत राहायचं औषध आहे का’, ‘स्मरणशक्तीची बाटली’. वनस्पतीचे आहे म्हणून निर्धोक आहे, या समजुतीने बाटली पुढे सरकविली जाते. सारस्वतारिष्टासह सर्व आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या निद्राकर औषधांसोबत तो घेणे इष्ट नव्हे. जटामांसी, तगर यांचा शामक परिणाम अशा औषधांच्या परिणामात भर घालू शकतो. सर्पगंधेविषयी विशेष सावध असावे. तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले आणि रक्तदाबासाठी त्याचा मोठा वापर झाला, तेव्हा काही रुग्णांत औदासीन्य आल्याच्या नोंदी झाल्या. त्या नोंदींच्या अर्थाविषयी आज मतभेद आहेत, तरी उदास किशोरवयीनाला झोपेसाठी सर्पगंधायुक्त वटी देणे आम्हांस सर्वथा अयोग्य वाटते. समुपदेशन वा मानसोपचार सुरू असलेल्या मुलाची आधुनिक औषधे आपल्या सल्ल्याने अचानक बंद होऊ नयेत, आणि आपण देत असलेल्या काढ्या-वट्यांची यादी तिकडे पोहोचावी. दोन्हीकडची माहिती दोन्हीकडे असली पाहिजे.

मुलगा एकटा आला होता ही गोष्ट त्याच्या वडिलांना रस्त्यात भेटून हसत हसत सांगू नये. लहान गावात ही बातमी सायंकाळपर्यंत शाळेत पोहोचते. ‘बस जरा, पाणी घे. किती दिवस झोप नाही?’ एवढे विचारावे, वैद्यांचे नाव सांगावे, १४४१६ हा क्रमांक पावतीच्या मागे लिहून द्यावा. मात्र त्याच्या बोलण्यात जीव देण्याचा उल्लेख आला, तर ते त्याचे गुपित राहत नाही. तेथे घरच्यांना तातडीने कळवावे आणि ते येईपर्यंत त्याला एकटे जाऊ देऊ नये.

अशा प्रसंगी पहिल्या भेटीची तारीख पाहत बसू नये. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोपासारखे बोलणे, बराच काळ अस्वस्थ असलेले मूल एकाएकी शांत होणे, आधी एकदा प्रयत्न झालेला असणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. शेतकरी कुटुंबात कीटकनाशकाचे डबे, घरातील उंदराचे औषध, आजोबांच्या गोळ्या यांना त्याच दिवशी कुलूप लावण्यास सांगावे. ही सूचना साधी दिसते, पण ती जीव वाचविते. पोलिसांच्या भीतीने पालक झालेला प्रयत्न लपवितात. त्यांना सांगावे की, २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही.

त्या मुलीविषयी

व्रण दिसले त्या दिवशी आम्ही बाही पुन्हा खाली ओढली आणि आईला थोडा वेळ बाहेर बसण्यास सांगितले. मुलीला प्रथम मरणाविषयी विचारले. ‘मरायचं नाही, पण असं केलं की थोडा वेळ डोकं थांबतं,’ असे ती म्हणाली. त्यानंतर आम्ही तिची क्षमा मागितली. वयाने एवढे मोठे असलेल्या माणसाने क्षमा मागितलेली तिला बहुधा नवीन असावी, कारण ती प्रथमच आमच्याकडे पाहू लागली. मग वर लिहिले आहे ते सारे, तिची आई बाहेर असताना, तिला सांगितले. किती वेळ लागेल, कोण काय विचारील, काय खोलीत राहील आणि काय राहणार नाही. हाताचे व्रण आईला सांगावे लागतील हेही सांगितले, आणि ते आमच्यासमोर तिनेच सांगावे की आम्ही सांगावे, ही निवड तिच्यावर सोपविली. तिने ‘तुम्हीच सांगा’ म्हटले. आई रडली, परंतु ओरडली नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दूरध्वनी करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. तिने त्या पूर्वीच्याच ताईंचे नाव घेतले नसते तर आम्हांला ते सुचविण्याचे धैर्य झाले नसते. “त्यांनी मला खोटं सांगितलं नव्हतं,” असे ती म्हणाली.

तज्ज्ञांची भेट झाली, आणि ताईंकडच्या भेटी आठवड्याला एक याप्रमाणे सुरू झाल्या. शाळेत वर्षभर एका टोळक्याने तिचा छळ मांडला होता हे तिसऱ्या भेटीत बाहेर आले. उदरशूलासाठी आमचे औषध मधूनमधून चालू राहिले, पण त्याची मात्रा कमी कमी होत गेली. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत ती औषध नेण्यासाठी आली तेव्हा बाह्या आखूड होत्या. ताईंना निरोप द्या म्हणाली : भेटीचा वार बुधवारचा नको, बुधवारी चित्रकलेचा वर्ग असतो.